अव्यक्ताची मांडणी

शाब्दिक उदाहरणाची खरी कसोटी आकडेमोडींत नसून शब्दांचें समीकरण करण्यांत असते. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणितां’त (इ. स. ११५० च्या सुमारास) दोन समवित्त गृहस्थ आहेत: एकापाशीं ६ घोडे व ३०० नाणीं, दुसऱ्यापाशीं १० घोडे, पण १०० नाण्यांचें ऋण. घोड्याचें मोल काय? आचार्य अज्ञातास ‘यावत्तावत्’ म्हणून दोन्ही पक्ष एकाखालीं एक मांडतात. ऋणांकावर टिंब देतात. शोधन करतां ४ घोड्यांचें मोल ४००, अर्थात् एकाचें १००. देकार्तनें १६३७ त भूमिति व बीजगणित यांची सांगड घातली. त्या वाटेनें पुढें असे पक्ष रेषांनींही दाखवितां येऊं लागले. येथें त्या मोल १००, वित्त ९०० या बिंदूंत छेदतात. परंतु रेषेपूर्वीं शब्दांचा अर्थ लागावा लागतो. अक्षरें नव्हेत, बुद्धि हेंच बीज, हा आचार्यांचा अभिप्राय रीत घोकविणाऱ्यांनीं विसरूं नये.