टेकऑफ: एका राखीव शब्दाची कुळकथा

मुंबईहून सुटणारं विमान अजून आपल्या जागी उभं असतं. सामान चढत असतं, दारं लागायची असतात. तेवढ्यात कॉकपिटमधून 'क्लिअरन्स डिलिव्हरी'ला हाक जाते आणि उत्तरादाखल एक लांबलचक वाक्य येतं: कुठवर जायचं, कोणत्या ठरीव मार्गाने बाहेर पडायचं, आधी किती उंचीवर थांबायचं, ट्रान्सपाँडरला कोणता चार आकडी कोड लावायचा. वैमानिक ते लिहून घेतो आणि जसंच्या तसं परत वाचून दाखवतो. उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्या, म्हणजे ढगातून आणि धुक्यातूनही वाट काढणाऱ्या प्रत्येक विमानाला ही मंजुरी लागते. सगळं बोलणं उड्डाणाचंच असतं, तरी त्यात 'टेकऑफ' हा शब्द नसतो. त्याच्या जागी 'डिपार्चर' येतो, नाहीतर 'एअरबोर्न'.

'टेकऑफ' रेडिओवर फक्त दोन प्रसंगी उच्चारायचा: धावपट्टीवरून सुटण्याची परवानगी देताना, आणि दिलेली परवानगी मागे घेताना. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा हा दंडक आहे. रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ती कधी पडली, कोणाला काय झालं म्हणून पडली, हे कोणी सांगू शकत नाही. विमानतळावरची ही रीतही भीतीतूनच आली, पण तिचा दिवस सांगता येतो: रविवार, २७ मार्च १९७७.

मूळ मात्र त्याहून जुनं आहे. १९२९ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस खुर्ची आणि झेंडे हातगाडीवर घालून धावपट्टीशी जाऊन बसत असे. चौकड्यांचा झेंडा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. जगातल्या पहिल्या हवाई वाहतूक नियंत्रकांत त्याची गणना होते. झेंड्याला उच्चार नसतो, व्याकरण नसतं. तो दिसतो किंवा दिसत नाही, एवढंच.

झेंडा धुक्यात दिसत नाही आणि विमानतळाच्या कुंपणापलीकडे पोचत नाही. शहरांच्या दरम्यान ढगांत एकाच वाटेवर आलेल्या विमानांना कोण सांभाळणार, या काळजीपोटी डिसेंबर १९३५मध्ये विमान कंपन्यांनी मिळून नेवार्कला एक केंद्र उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते सरकारने ताब्यात घेतलं. तिथली माणसं नकाशावर विमानं सरकवत आणि टेलिफोनवरून निरोप धाडत. इथे एका परवानगीच्या दोन झाल्या. आकाशातला मार्ग मोकळा असल्याचं केंद्र सांगणार, धावपट्टी मोकळी असल्याचं टॉवर सांगणार. दोघांच्याही तोंडी क्रियापद मात्र एकच राहिलं: 'क्लिअर्ड'. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं बी इथे आहे. मार्ग मंजूर होणं आणि धावायला मुभा मिळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. पण घाईतल्या कानाला दोन्हींत तोच एक हवाहवासा शब्द ऐकू येतो.

बेचाळीस वर्षांनी ते बी टेनेरिफ बेटावर रुजलं. कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासच्या विमानतळावर फुलांच्या दुकानात बाँब फुटला आणि तिकडे जाणारी विमानं टेनेरिफच्या लोस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली गेली. त्यांत दोन जंबो जेट होती, एक डच केएलएमचं आणि दुसरं अमेरिकन पॅन अ‍ॅमचं. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६३३ मीटर उंचावर आहे. तिथलं धुकं म्हणजे खरं तर डोंगरावरून सरकणारे ढगच. लास पाल्मास पुन्हा खुलं झालं तेव्हा टॅक्सीवेवर विमानांची गर्दी होती, म्हणून दोन्ही जंबोंना धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकाकडे जायला सांगितलं गेलं. डच विमान पुढे, अमेरिकन मागे. डच विमान टोकाला पोचून वळून उभं राहिलं, तेव्हा अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवर, त्याच्या समोर, ढगात होतं. टॉवरला दोन्ही दिसत नव्हती आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तिथे नव्हतं.

डच कॅप्टन याकोब व्हेल्डहाउझेन व्हान झान्टेन हे कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्यांचा बराच काळ सिम्युलेटरमध्ये जाई, आणि सिम्युलेटरमध्ये नियंत्रकाची वाट पाहावी लागत नाही. परवानगी प्रशिक्षकच देतो. कामाच्या तासांची नवी, कडक मर्यादा संपत आली होती. वळून उभं राहताच त्यांनी थ्रॉटल पुढे सरकवायला घेतले. सहवैमानिकाने थांबवलं, अजून मंजुरी नाही म्हणाला. ते मला माहीत आहे, तू माग, असं कॅप्टननी सांगितलं. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्या नात्यातला संकोच मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतो. ज्या कॅप्टनला एकदा अडवलं, त्याला मिनिटाभरात दुसऱ्यांदा अडवणं सोपं नसतं.

सहवैमानिकाने मागितलं ते असं: आम्ही टेकऑफला तयार आहोत आणि मार्गाच्या मंजुरीची वाट पाहतो आहोत. दोन परवानग्यांचा विषय एकाच दमात निघाला. टॉवरने उत्तर दिलं ते फक्त मार्गाचं: पापा बीकनपर्यंत, फ्लाइट लेव्हल ९०, टेकऑफनंतर उजवीकडे वळा. त्या वाक्यात 'क्लिअर्ड' होतं आणि 'टेकऑफ'ही होतं. सुटायला उतावीळ झालेल्या कॉकपिटला आणखी काय हवं असतं? सहवैमानिक मंजुरी परत वाचत असतानाच कॅप्टननी ब्रेक सोडले आणि डच भाषेत म्हणाले, आपण निघतोय. वाचन संपवता संपवता सहवैमानिकाने घाईने जोडलं: 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ.'

हे इंग्रजी आडनिडं आहे. टॉवरला ते 'टेकऑफच्या जागी उभे आहोत' असं लागलं. बोलणाऱ्याला बहुधा 'धावायला लागलो आहोत' असं सांगायचं होतं. डच भाषेत चालू क्रिया सांगताना 'अ‍ॅट'च्या जातीचं अव्यय वापरतात. गडबडीत त्याचं इंग्रजी मातृभाषेच्या वळणाने गेलं असावं, असं भाषेचे अभ्यासक म्हणतात. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. फोनवर 'निघालो' म्हणणारा कधी रस्त्यावर असतो, कधी अजून चपला शोधत असतो, आणि ऐकणारा माणूस ओळखून अर्थ लावतो. ढगाआडच्या माणसाला तसं ओळखणार कसं?

नियंत्रक म्हणाला, 'ओके.' क्षणभर थांबला. मग म्हणाला, टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानाने घाबरून सांगितलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. विमानांच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं; दोघे बोलले की दोन लहरी एकमेकींत गुंतून शिट्टी वाजते. डच कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं आणि पुढची काही सेकंद त्या शिट्टीत गेली. जीव वाचवणारी दोन्ही वाक्यं त्या शिट्टीत होती.

तरी एक संधी उरली होती. पुढच्याच निरोपात टॉवरने अमेरिकन विमानाला धावपट्टी मोकळी झाली की कळवायला सांगितलं, आणि ते डच कॉकपिटमध्ये ऐकू आलं. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते विमान बाहेर नाही का पडलेलं? पडलंय की, असं ठाम उत्तर मिळालं. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. डच विमानातले सगळे २४८, अमेरिकन विमानातले ३३५. त्या विमानातले ६१ वाचले.

स्पेनच्या चौकशी अहवालाने शेवटी ज्या मोजक्या शिफारशी केल्या, त्यांतली एक आपल्या कथेची नायिका आहे: मार्गाच्या मंजुरीत 'टेकऑफ' शब्द वापरू नये, आणि ती मंजुरी व सुटण्याची परवानगी यांत पुरेसा वेळ जाऊ द्यावा. 'टेकऑफनंतर उजवीकडे' जाऊन 'डिपार्चरनंतर उजवीकडे' आलं ते यातून. मंजुरी विमान उभं असतानाच, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर देण्याची पद्धत मोठ्या विमानतळांवर असते. तीही हे अंतर राखते. नुसत्या 'ओके'वर किंवा 'रॉजर'वर भागवायचं नाही, धावपट्टीशी संबंधित प्रत्येक सूचना पूर्ण परत वाचायची, हेही आता सक्तीचं आहे.

नियमाने शब्द बांधता आला, तरी भाषेची अडचण एका शब्दापुरती नव्हती. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून सुटलेलं सौदी जंबो १४,००० फुटांवर होतं, आणि १५,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं कझाक मालवाहू विमान त्या उंचीच्याही खाली उतरत गेलं. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन्ही विमानं हवेतच आदळली आणि ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या कच्च्या इंग्रजीचा प्रश्न समोर आला. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना आज इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागते, त्यामागे हा अपघातही आहे. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर नियंत्रकाने तटरक्षक दलाच्या विमानाला 'नंबर वन' म्हटलं, म्हणजे सुटणाऱ्यांत तुमचा पहिला क्रमांक. ते थेट धावपट्टीवर जाऊन थांबलं आणि उतरणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं. जपानने काही महिने तो शब्दप्रयोगच थांबवला. टेनेरिफवरच्या १९७८च्या स्पॅनिश अहवालाने केलं तेच पुन्हा झालं: अपघाताने एक शब्द हेरला आणि त्याला वेसण घातली.

राखीव शब्दाच्या नियमात एक बारकावा मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. परवानगी मिळाली आहे पण विमान अजून हललेलं नाही, अशा वेळी ती मागे घ्यायची तर नियंत्रक म्हणतो, 'होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ', आणि तेच पुन्हा एकदा सांगतो. विमान धावायला लागलं असेल तर मात्र 'टेकऑफ' हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. तो म्हणतो, 'स्टॉप इमीजिएटली', मध्ये विमानाचं नाव, आणि पुन्हा 'स्टॉप इमीजिएटली'. शिट्टीत अर्धं वाक्य हरवलं तरी उरलेल्या अर्ध्यातून थांबण्याशिवाय दुसरं काही ऐकू येणार नाही. वैमानिकाने उत्तरादाखल म्हणायचा शब्दही एकच आहे: 'स्टॉपिंग'.