बाया कर्वे : संसार सांभाळणारी परिचारिका

उज्जैनच्या माधवनगरात शासकीय रुग्णालय आहे. तेथील परिचारिका रात्रपाळी करून सकाळी घरी निघाली, तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. आज तो एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या पांढरपेशा घरातील सुनेने बाळंतिणीची शुश्रूषा करून त्याचे पैसे घ्यावेत, ही कल्पनाही समाजाला सहन होण्यासारखी नव्हती. सुईणीचे काम म्हणजे विटाळाचे काम. ते गरजेचे खरे, पण करणारीने उंबऱ्याबाहेरच राहावे, असा तो काळ होता. त्या काळात ज्या एका स्त्रीने हे शिक्षण घेतले व त्यावर संसाराला हातभार लावला, तिचे नाव आनंदीबाई कर्वे. महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. कोकणातील देवरुखच्या परिसरात त्यांचे बालपण गेले. कळत्या वयापूर्वीच लग्न झाले आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे समजण्यापूर्वीच ज्या मुलीच्या कपाळावरचे कुंकू गेले, तिच्या वाट्याला पुढे काय आले असेल, हे सांगण्याची गरज नाही. सासरी राबण्यात तारुण्याची पहिली वर्षे सरली. पुढे त्यांचे बंधू नरहरपंत यांनी बहिणीला मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले होते. त्या सदनात प्रवेश घेणारी पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. अक्षरओळखीपासून आरंभ करावयाचा होता आणि वय विशीच्या पुढे गेलेले होते. पण शिकण्याची त्यांना लाज वाटली नाही.

नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. १८९१ साली त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदासदनास चार वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेस, गोदूबाईंचा त्यांच्याशी पुण्यात विवाह झाला. त्या आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या मुरुड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला. ज्या घरात सून म्हणून पाऊल टाकावयाचे, त्याच घराच्या माणसांना आपल्यामुळे वाळीत पडावे लागेल, हे जाणून त्यांनी संसारास आरंभ केला.

संसार सोपा नव्हता. अण्णासाहेब कर्व्यांचे वेतन बेताचे आणि मन मात्र सर्वस्वी कार्याला वाहिलेले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो पुण्यानजीकच्या हिंगणे येथे गेला. हाती येणारा पैसा आश्रमाकडे वळू लागला. घरात मुले होती. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ होता, आणि पुढे शंकर, दिनकर व भास्कर झाले. थोर माणसाच्या त्यागाची गाथा आपण आदराने वाचतो. परंतु त्या त्यागाचा हिशेब शेवटी स्वयंपाकघरातील डब्यांशी येऊन मिळतो. बायांनी तो हिशेब पुरता ओळखला होता. रडत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी नागपूरला जाऊन परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण घेतले आणि पुण्यात ते काम केले.

या निर्णयामागे काळाची एक चाहूलही होती. १८८५ साली स्थापन झालेल्या लेडी डफरिन फंडामुळे स्त्रियांना डॉक्टर, परिचारिका व सुईणी म्हणून शिकविण्याची सोय देशात होऊ लागली होती. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली अनेक स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणाकडे वळल्या. बाया त्यांच्याही आधी, कोणत्याही संस्थेचा पाठिंबा नसताना, या वाटेने गेल्या.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बोचरी गोष्ट मात्र दारिद्र्य नव्हे. विधवांसाठी आश्रम निघाला. पण जिने विधवेचे जिणे सोसले होते, तिलाच त्या आश्रमात प्रारंभी मोकळेपणाने वावरता आले नाही. पुनर्विवाहित स्त्री तेथे दिसली, तर आईबाप आपल्या मुली पाठविणार नाहीत आणि देणगीदार हात आखडतील, ही भीती होती. अण्णासाहेबांनी शिक्षणाचे कार्य टिकावे म्हणून पुनर्विवाहाचा प्रश्न त्यापासून वेगळा ठेवला. तो विचार व्यवहारदृष्ट्या शहाणपणाचा असेल. परंतु त्याची किंमत बायांनी मोजली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाचा आधारस्तंभ झाल्या, कारण त्या विधवाच राहिल्या होत्या. एकाच आईच्या दोन मुली. एकीला दार उघडे, दुसरीला अर्धवट लोटलेले. तरीही बाया कार्यापासून तुटल्या नाहीत. बाहेर राहून घरोघर फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली.

आई म्हणून त्यांचे यश मुलांच्या आयुष्यात दिसते. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कररावांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. बाळंतिणींच्या यातना जवळून पाहणाऱ्या स्त्रीच्या घरात वाढलेल्या मुलाने हा विषय हाती घ्यावा, हा केवळ योगायोग असेल. पण तो विचार करावयास लावणारा योगायोग आहे.

१९४४ साली बायांचे आत्मकथन ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. पतीची थोरवी त्यांनी नाकारली नाही. आपली तक्रारही लपविली नाही. १९५० साली त्या निवर्तल्या. अण्णासाहेबांना १९५८ साली भारतरत्न हा सन्मान मिळाला, तो पाहण्यास त्या नव्हत्या. पुढे १९७२ साली वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक रंगभूमीवर आले. कर्वे दांपत्याच्या जीवनावरून सुचलेल्या त्या नाटकात बयोची भूमिका शांता जोग यांनी केली.

नाटकाचे नाव सुंदर आहे, पण बायांच्या बाबतीत ते अपुरे वाटते. सावली स्वतः काही करीत नाही. बायांनी शिक्षण घेतले, बाळंतपणे केली, चार मुले वाढविली आणि जेथे दार पुरते उघडले नाही त्या संस्थेसाठीही पदर पसरला. हिमालय ताठ उभा राहू शकला, तो पायथ्याचे घर कोणीतरी सांभाळत होते म्हणून. एवढे ध्यानात ठेवले, तरी त्यांचे स्मरण सार्थ होईल.