पाओना बाजारातल्या डीव्हीडी

मणिपूरचा इतिहास म्हटला की आपण फौजी मंडळी 1891 ची खोंगजोमची लढाई काढतो, नाहीतर 1944 चं इंफाळ. आज त्याच इंफाळमधल्या डीव्हीडींबद्दल लिहितो. विषय हलका वाटेल, पण तिथल्या पोस्टिंगमध्ये मला लोक जेवढे कळले, त्यातले निम्मे या डीव्हीडींच्या गप्पांमधून कळले.

सप्टेंबर 2000 मध्ये रिव्होल्यूशनरी पीपल्स फ्रंट या भूमिगत संघटनेने मणिपूरमध्ये हिंदी सिनेमावर बंदी घातली. हिंदी सिनेमामुळे इथली संस्कृती बुडते, असं त्यांचं म्हणणं. हुकूम मोडला तर काय होतं हे थिएटरवाल्यांना आणि केबलवाल्यांना सांगावं लागत नव्हतं. हिंदी पडद्यावरून गेली. दाखवायला काही उरलं नाही तेव्हा बरीच थिएटरं बंद पडली.

त्या रिकाम्या जागेत कोरिया आला. आधी केबलवर 'अरिरंग' हे इंग्रजीतून चालणारं कोरियन चॅनल, आणि मागोमाग डीव्हीडी. इंफाळपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मोरे, पलीकडे म्यानमारचं तामू. त्या बाजारातून ब्लँकेटं, थर्मास, चपला यायच्या, त्याच वाटेने नकली डीव्हीडीही यायच्या. 'विंटर सोनाटा'चे 20 भाग, 'फुल हाउस'चे 16, सगळे दाबून मोजक्या डिस्कवर बसवलेले. खाली इंग्रजी अक्षरं, तीही कधीकधी अशी की वाचून हसू यावं.

मी 2007 मध्ये तिथे गेलो तेव्हा पाओना बाजारात या डीव्हीडींच्या भिंती उभ्या होत्या. (पाओना ब्रजबासी हे खोंगजोमला पडलेले वीर. त्यांच्या नावाच्या बाजारात कोरियन नटांचे फोटो, यावर आमचे सुभेदार साहेब फार चिडायचे.) युनिटमध्ये आम्ही बिनदिक्कत हिंदी सिनेमे बघायचो आणि गेटबाहेर सगळं कोरियन. एकाच शहरात दोन देश.

दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी याचं एक ठराविक कारण दिलं : चेहरे सारखे, म्हणून आवडलं. मला हे अपुरं वाटतं. चेहऱ्यावरच असतं तर हाँगकाँगचे मारधाडपटही घराघरात गेले असते. बघणारे स्वतः काय म्हणायचे ते ऐकण्यासारखं होतं. एक शाळामास्तर सांगायचे की हा सिनेमा आईवडिलांसोबत बसून बघता येतो, रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. डीव्हीडी विकणाऱ्या एक इचे, म्हणजे थोरल्या बहिणीसारख्या बाई, गिऱ्हाइकाला आधीच विचारायच्या : रडायचंय की हसायचंय? रडायचं असेल तर आजारपणाची गोष्ट, हसायचं असेल तर 'माय सॅसी गर्ल'. 'दे जांग गम' ही 54 भागांची राजवाड्यातली मालिका. तिची नायिका आधी मुदपाकखान्यात राबते आणि पुढे वैद्य होते. बाजारातल्या बायकांचं त्यावर ठाम मत होतं की ही खरी, कारण ही काम करते. ज्या शहरात इमा कैथेलसारखा फक्त बायकांनी चालवलेला बाजार आहे, तिथे हे मत उगीच पडत नाही.

तक्रारीही असायच्या. प्रत्येक गोष्टीत कुणाला तरी कॅन्सर का होतो? श्रीमंत नायकाची आई एवढी खाष्ट का? शेवटची डिस्क हमखास अडकते का? मी सुटीवर येताना एक संच साताऱ्याला आणला. आईला ना कोरियन येत होतं ना इंग्रजी. तिसऱ्या भागाला ती म्हणाली, "सासू वाईट आहे, पण तिचंही काहीतरी दुखतंय बघ." पुढे अकराव्या भागात तेच निघालं.

बंदी घालणाऱ्यांनी कोरियन बघा असं कुणाला सांगितलं नव्हतं. हुकमाने एक गोष्ट काढून घेता येते, तिच्या जागी काय यावं ते मात्र लोक ठरवतात. मणिपुरी सिनेमाचंही असंच झालं. 1972 च्या 'मातमगी मणिपूर'पासून तो फिल्मवर बनायचा, खर्चिक आणि संथ. 2002 मध्ये व्हिडिओवर काढलेला 'लम्मेइ' थिएटरात लागला आणि स्वस्त डिजिटल सिनेमाची वाट मोकळी झाली. बंदीमुळे त्याला मैदान मिळालं हे कबूल करावं लागतं, जरी बंदुकीच्या धाकाने मिळालेलं मैदान मला पटत नसलं तरी.

त्या धाकाची किंमत 2014 मध्ये पुन्हा दिसली. 'मेरी कोम' देशभर लागला, पण मेरी कोमच्या मणिपुरात थिएटरला लागू शकला नाही. आपल्याच मुलीची गोष्ट, आणि पडद्यावर बघायची सोय नाही.

15 ऑगस्ट 2023 ला, राज्य जळत असताना, चुराचांदपूर जिल्ह्यात हमार विद्यार्थी संघटनेने जाहीरपणे 'उरी' दाखवला, त्या बंदीला आव्हान म्हणून. दोन दशकांहून जास्त काळाने तिथे लोक एकत्र बसून उघड्यावर हिंदी सिनेमा बघत होते. बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पाओना बाजारातल्या त्या इचे आल्या. डीव्हीडीचा धंदा मोबाइलने कधीच संपवला असणार. दुकानाच्या जागी आता काय आहे, कुणी अलीकडे तिकडे जाऊन आलं असेल तर कळवा.