पीतज्वर : पिवळ्या कार्डामागील कारण

केनिया, नायजेरिया किंवा ब्राझीलहून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाला पासपोर्टबरोबर एक पिवळे कार्डही दाखवावे लागते. पीतज्वराची, अर्थात यलो फिव्हरची लस घेतल्याचा हा दाखला. तो नसल्यास प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, मग तो भारतीय नागरिक का असेना. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस जातात. त्यावरून ही मुदत ठरली आहे.

भारतात हा रोग नाही, मात्र त्याला लागणारे बाकी सारे येथे आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील शहरांत पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास हाच आपल्याकडे डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो. फुलदाणी, पाण्याची टाकी, गच्चीवरचे जुने टायर यांत तो वाढतो. शिवाय येथील बहुसंख्य लोकांनी ही लस घेतलेली नाही. अशा ठिकाणी आजारी प्रवाशाला डास चावला तरी संसर्गाची साखळी सुरू होऊ शकते.

आशियात हा रोग आजवर का रुजला नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. डेंगीमुळे मिळणारे अंशतः संरक्षण हे एक अनुमान. त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. २०१६ मध्ये अंगोलातील साथीच्या काळात तेथून परतलेल्या ११ जणांनी हा आजार चीनमध्ये नेला होता. सुदैवाने तेथे तो पसरला नाही.

ताप, डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या यांनंतर बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना मात्र थोड्या उतारानंतर पुन्हा ताप चढतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो. या टप्प्यावर पोहोचलेल्यांपैकी सुमारे निम्मे दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही. लस मात्र प्रभावी आहे. तिच्या संशोधनाबद्दल मॅक्स थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दाखला दहा दिवसांनी वैध होतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणारे नेमके येथेच अडकतात. नऊ महिन्यांखालील बालके, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती खालावलेले यांना ती सहसा दिली जात नाही. साठीपुढील व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वी दाखल्याची मुदत दहा वर्षे असे. ११ जुलै २०१६ पासून तो आजीवन ग्राह्य धरला जातो, जुनी कार्डेही त्यात आली.