मालदीव, पण खिशाला परवडणारं

मालदीव म्हटलं की पाण्यावरचं महागडं घर... आपल्या पगाराला न झेपणारं! पण हा काही निसर्गनियम नव्हे, सरकारी धोरण होतं. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट निघालं. पुढे सूत्र ठरलं: एक निर्मनुष्य बेट, एक रिसॉर्ट. पाहुणे तिकडे, गाव इकडे. गावातली पोरं रिसॉर्टवर नोकरीला. घरी महिनोन्‌महिने नाहीत.

२००८ मध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, सत्ता बदलली, आणि पाठोपाठ वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली. २०१० पासून माफुशीत ती उभी राहिली. आता फेरीबोटीने जा, स्नॉर्केल लावा, मासे बघा. दारू नाही, बिकिनी ठराविक किनाऱ्यावरच. गाव त्यांचं आहे ना! आणि आता थोडा पैसाही गावातच राहतो.