वेळापत्रकातील दहा मिनिटे



'परीक्षा जवळ आली, पी.टी.चा तास गणिताला द्या' अशी सूचना पालकसभेत हमखास येते. काळजीपोटीच येते. परंतु हा तास वेळापत्रकात कोठून आला, हे आपण पाहिले पाहिजे.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, हेच पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. समितीने 7 ते 14 वयाच्या मुलांसाठी साडेपाच तासांची शाळा आखली. मूलोद्योगाला 3 तास 20 मिनिटे, मातृभाषेला 40 मिनिटे आणि शारीरिक शिक्षणाला 10 मिनिटे, तीही दररोज. दहाच मिनिटे म्हणून हसू नका. त्या काळचे खेड्यातील पोर शाळेत येण्यापूर्वीच पाणी भरून, गुरे सोडून आलेले असे.

त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे होते आणि 1938 मध्ये कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. कुवलयानंदांचे कैवल्यधाम 1924 पासून लोणावळ्याला आहे. पिंपरी-चिंचवडहून लोकलने जाल तर शेवटचेच स्टेशन. हे स्वामी व्यायाम शिकले बडोद्याला, माणिकरावांच्या हाताखाली; आणि माणिकरावांचे उस्ताद होते जुम्मादादा, एक मुसलमान पहिलवान. बडोद्याची ती व्यायामशाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहा. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आणि पुढे चाकणपर्यंत कारखानेच कारखाने. त्यांनी आपल्याला भाकरी दिली, मुलांचा रस्ता मात्र ट्रकांनी घेतला. मूल व्हॅनमधून शाळेत, शाळेतून शिकवणीला आणि तेथून दोन खोल्यांच्या घरात मोबाइलपुढे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे. ती आता शाळेनेच रोज घडवून आणली पाहिजे. आठवड्यातून दोनदा कवायत पुरणार नाही.

आणि मुलींचे काय? चौथी-पाचवीत गेली की तिला खेळातून बसवून ठेवायचे, हे कशाच्या आधारावर? पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, हे हदीसमध्ये नमूद आहे.

मैदान लहान आहे ही अडचण खरी आहे. पण दोरीवरच्या उड्या, बैठका, लंगडी यांना मोठे मैदान लागत नाही. वर्गांच्या पाळ्या लावल्या की अंगणातही भागते. प्रगतिपुस्तक न्यायला याल तेव्हा भिंतीवरचे वेळापत्रकही वाचा. पी.टी.चा तास किती दिवस आहे ते मोजा, आणि तो खरोखर होतो का, हे मुलीलाच विचारा.