हॅस्केल: प्रमाण कागदावर, भाषा कंपायलरमध्ये

आज हॅस्केलची गोष्ट.

साल १९८७, अमेरिकेतलं पोर्टलंड. फंक्शनल प्रोग्रामिंगच्या डझनभर भाषा होत्या, बऱ्याचशा एकमेकींसारख्याच. त्यातली पक्की भाषा म्हणजे मिरांडा, पण ती डेव्हिड टर्नर यांच्या कंपनीची. तिच्या पायावर सामायिक भाषा उभारू का, असं विचारल्यावर टर्नर नाही म्हणाले. मग समितीने नवीच भाषा केली. हिला मालक नाही. वर्णन वाचून कुणीही कंपायलर लिहावा. आणि लोकांनी लिहिलेही: ग्लासगोचा जीएचसी, स्वीडनचा एचबीसी, यॉर्कचा एनएचसी. शिवाय शिकणाऱ्यांचा लाडका हग्ज. १९९९ मध्ये ‘हॅस्केल ९८’ हे प्रमाण आलं. त्याच्या चौकटीत लिहा, कोड सगळीकडे चालेल!

पण चौकट लवकरच अपुरी पडली. ‘हा मोनाड कुठली स्टेट सांभाळतो’ हे दोन टाइपमधलं नातं. ते सांगायला टाइप क्लासला दोन पॅरामीटर लागतात. प्रमाणात मुभा एकाचीच. मोनाडवरून स्टेट आपोआप ठरावी म्हणून मार्क जोन्स यांनी २००० साली फंक्शनल डिपेंडन्सी मांडल्या. पुढे जीएचसीत त्याच कामासाठी टाइप फॅमिली आल्या. दोन्हींपैकी प्रमाण कोणतं, हे ठरेना. त्यामुळे ‘हॅस्केल २०१०’ मध्ये दोन पॅरामीटरचा क्लासही आला नाही. गंमत बघा, फाईलच्या माथ्यावर एक्स्टेन्शन मागायची जी ओळ असते, ती मात्र प्रमाणात आली!

लोक थांबले नाहीत. लायब्ररी एक्स्टेन्शनवर उभ्या राहिल्या, आणि त्या चालवणं बाकीच्या कंपायलरना जड गेलं. हग्जची शेवटची आवृत्ती २००६ ची. २०१६ साली नव्या प्रमाणासाठी समिती बसली, प्रमाण आलंच नाही. २०२१ मध्ये जीएचसीने स्वतःचाच संच डिफॉल्ट केला: ‘जीएचसी२०२१’. नावातून भाषा गेली, कंपायलर आला.

मग नियम पाळणाऱ्यांचं काय झालं? २०१५ च्या जीएचसी ७.१० पासून प्रत्येक मोनाडला अ‍ॅप्लिकेटिव्ह असणं सक्तीचं झालं. बदल चांगलाच होता, पण प्रमाणाबरहुकूम लिहिलेले जुने मोनाडही त्या दिवशी अडले.

म्हणून माझं मत असं: एक्स्टेन्शन वापरणं पाप नाही. पण प्रमाण समितीमुळे जगत नाही, दुसऱ्या कंपायलरमुळे जगतं. एचबीसीवाले लेनार्ट ऑगस्टसन यांनी अलीकडे मायक्रोएचएस हा छोटा कंपायलर लिहिला आहे. त्यांनाही प्रमाणाच्या जोडीला जीएचसीची बरीच एक्स्टेन्शन घ्यावी लागली. नाहीतर आजच्या लायब्ररी चालणार कशा?